जपानमधला सायकलवरचा मिशनरी: त्याचा दिवस कसा जातो आणि दार का उघडत नाही

मिशनरी म्हटलं की आपल्याला मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल आठवतं, नगरच्या मिशन शाळा आठवतात, केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. दवाखाना, शाळा, वसतिगृह आणि उभं आयुष्य इथेच काढून मराठी शिकलेली गोरी माणसं, असं ते चित्र असतं. जपानच्या रस्त्यावर भेटणारा मिशनरी या चित्रात कुठेच बसत नाही. तो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असतो. पांढरा शर्ट, टाय, पाठीला सॅक, डोक्यावर हेल्मेट. छातीवर काळी पट्टी आणि तिच्यावर कटाकाना लिपीत त्याचं आडनाव. त्याच्या सायकलमागे हुबेहूब तसाच दुसरा एक. दोघांनाही दवाखाना चालवायचा नसतो की शाळा काढायची नसते. अनोळखी माणसाशी देवाबद्दल बोलायचं, एवढंच त्यांचं काम. आणि तेही अशा देशात, जिथे अनोळखी माणसाशी कोणी हवेबद्दलही फारसं बोलत नाही.

जपानमध्ये ख्रिस्ती मिशनरी बऱ्याच पंथांचे आहेत. टोकियोतलं नावाजलेलं सोफिया विद्यापीठ जेझुइट फादरांनी १९१३ मध्ये काढलं. प्रॉटेस्टंट मिशनरी कुटुंबंही ठिकठिकाणी वर्षानुवर्षं राहत आहेत. पण जोडीने फिरणारा कोवळा मिशनरी दिसला तर तो बहुतेक वेळा मॉर्मन असतो. पंथाचं खरं नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. आम्हाला मॉर्मन म्हणू नका, असं त्यांनी २०१८ मध्ये जगाला सांगितलं, पण मराठीत दुसरं सुटसुटीत नाव नाही, म्हणून इथे तेच वापरतो. बऱ्याच जुन्या चर्चना त्यांचे सिद्धांत मान्य नाहीत आणि ते यांना ख्रिस्ती मानायलाही तयार नसतात. हे स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा.

घरून निघताना

या पंथातल्या मुलाने तरुणपणी दोन वर्षं मिशनवर जावं, अशी अपेक्षा असते. मुलींवर तसा दबाव नसतो, तरी पुष्कळ जणी जातात. त्यांची मुदत अठरा महिन्यांची. २०१२ पर्यंत मुलांना १९ आणि मुलींना २१ वर्षं पूर्ण व्हावी लागत. त्या वर्षी ही अट मुलांसाठी १८ आणि मुलींसाठी १९ वर आली आणि रस्त्यावरचे चेहरे आणखी कोवळे दिसू लागले. २०२५ मध्ये मुलींसाठीही ती १८ झाली.

कुठे जायचं हे मुलाने ठरवायचं नसतं. अर्ज करायचा आणि वाट बघायची. मग कळतं की ब्राझील, घाना, फिनलंड, नाहीतर जपान. पगार नाही. उलट महिन्याचे ठरावीक पैसे मुलाने किंवा घरच्यांनीच भरायचे. अमेरिकेतल्या मुलांसाठी २०२० पासून ही रक्कम दरमहा ५०० डॉलर आहे. कोणी टोकियोत गेला काय आणि कोणी स्वस्ताईच्या देशात गेला काय, भरणा सारखाच. पैसे एका गल्ल्यात जमा होतात आणि तिथून जिथल्या तिथल्या महागाईप्रमाणे वाटले जातात. बरेच जण शाळेत असल्यापासून यासाठी पैसे साठवतात.

भाषेचं काय? युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. जपानीसाठी तिथे साधारण नऊ आठवडे मिळतात. आता हे बघा: अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कामकाज करण्याइतकी जपानी यावी म्हणून ८८ आठवडे देतं. म्हणजे हा पोरगा विमानातून उतरतो तेव्हा त्याला प्रार्थना म्हणता येते, ‘देव आपला पिता आहे’ हे सांगता येतं, पण समोरच्या आजीबाई गुडघेदुखीबद्दल बोलत आहेत की बागेतल्या मुळ्याबद्दल, हे कळत नाही. देवाचं जपानी आधी आणि मुळ्याचं जपानी नंतर, असा हा उलटा अभ्यासक्रम आहे. त्यातच जपानीत घरच्याशी एक बोली, मोठ्यांशी दुसरी आणि गिऱ्हाइकाशी तिसरी. पुस्तकी आदरार्थी बोलणारा निळ्या डोळ्यांचा पोरगा दिसला की म्हाताऱ्यांना कौतुक वाटतं आणि शाळकरी मुलांना हसू येतं.

जपान सरकारच्या व्हिसांमध्ये ‘धार्मिक कार्य’ असा वेगळा प्रकार आहे, त्यावर ही मुलं येतात. निवासी कार्ड सतत खिशात लागतं. गाव बदललं की चौदा दिवसांच्या आत नव्या नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि यांची गावं तर सारखी बदलतात. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. प्रत्येक यादीत आपलं नाव असतंच असं नाही, पण दोन वर्षांत पाच-सहा गावं सहज होतात. नगरपालिकेच्या खिडकीवर नंबर घेऊन बसणं, अर्जावर नाव नेमकं निवासी कार्डावरच्यासारखं लिहिणं, ही कामं कोणत्याही धर्मग्रंथात नाहीत, पण मिशनमध्ये भरपूर आहेत.

साडेसहाचा गजर

ठरलेला दिवस साडेसहाला सुरू होतो. थोडा व्यायाम, आंघोळ, न्याहारी. आठपासून धर्मग्रंथाचा अभ्यास, आधी एकट्याने, मग जोडीने, मग भाषेचा. दहाच्या पुढे बाहेर. रात्री नऊला घरी, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून यात देशाप्रमाणे थोडं मागेपुढे करायची मुभा आहे, पण साचा तोच. टीव्ही नाही, सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. मोबाइल असतो तो कामापुरता. २०१९ पर्यंत घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा, मोकळ्या दिवशी, व्हिडिओवर बोलता येतं. मोकळा दिवस बहुधा सोमवार. त्या दिवशी कपडे धुणं, किराणा, केस कापणं आणि जमलंच तर एखादा किल्ला बघून येणं.

या सगळ्यात सर्वांत अवघड नियम जोडीदाराचा. तो तुम्ही निवडत नाही. एक तासही त्याच्या नजरेआड जायचं नाही, तो हाकेच्या अंतरावर हवाच. न्हाणीघर सोडलं तर एकांत नाही. एक युटाच्या शेतातला, दुसरा ओसाकाचा, एकाला सकाळी बडबड करायची सवय आणि दुसऱ्याला दहापर्यंत शब्द नको. भांडण झालं तरी दार आपटून बाहेर जायची सोय नाही, कारण बाहेर गेलं तरी दोघांनीच जायचं. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची नाही. ‘एल्डर’ अमुक, जपानीत ‘चोरो’. चोरो म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा. वय वर्षं एकोणीस. मुलींना ‘शिमाई’, म्हणजे बहीण.

घर म्हणजे चर्चने भाड्याने घेतलेलं छोटं अपार्टमेंट. तिथे खरी परीक्षा असते कचऱ्याची. जळणारा कचरा ठरावीक वारी, प्लास्टिक दुसऱ्या वारी, डबे-बाटल्या तिसऱ्या वारी. बाटली विसळायची, झाकण काढायचं, वेष्टण सोलायचं, झाकण प्लास्टिकमध्ये आणि बाटली बाटल्यांत टाकायची. पिशवी सकाळी आठच्या आत कोपऱ्यावरच्या जाळीखाली जायला हवी. चुकलं तर सफाई कामगार पिशवीवर स्टिकर लावून ती तिथेच सोडून जातात आणि दिवसभर सगळी आळी ती बघते. शेजाऱ्यांचं मत धर्मावरून होत नाही, त्या स्टिकरवरून होतं. गल्लीतल्या एकाही माणसाने ज्यांचं प्रवचन ऐकलेलं नाही, त्या पोरांबद्दल अख्ख्या गल्लीचं मत असतं, आणि ते असं तयार होतं.

सायकलीवर दिवसाला बरेच किलोमीटर होतात. जूनमध्ये पावसाळा, आणि छत्री धरून सायकल चालवायला बंदी, म्हणून रेनकोट. ऑगस्टचा दमटपणा मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल असा, आणि अंगात टाय. होक्काइदोत हिवाळ्यात बर्फामुळे सायकलच बंद, मग पायपीट. रात्री पोलिसाने हटकणं हेही नेहमीचंच. जपानमध्ये प्रत्येक सायकलची नोंदणी असते, तिच्यावर क्रमांकाचं स्टिकर असतं, आणि परदेशी माणूस रात्री सायकलवर दिसला की ते तपासायचा मोह पोलिसाला होतो.

इंटरकॉमवरचा नकार

पूर्वी दिवसाचा मोठा भाग दारोदार फिरण्यात जायचा. आता स्टेशनबाहेर बोलणं, समाजमाध्यमांवर ओळखी काढणं आणि सभासदांच्या नातेवाइकांना भेटणं जास्त चालतं. पण दार वाजवणं पूर्ण सुटलेलं नाही, आणि जपान कळायचा असेल तर ते दारच बघायला हवं.

खरं तर दार नसतंच. असतो इंटरकॉम. आतल्या बाईला पडद्यावर टाय घातलेले दोन परदेशी दिसतात, बाहेरच्या मुलांना जाळीदार बटणापलीकडे काही दिसत नाही. मुलगा वाकून नमस्कार करतो, कॅमेऱ्याला. ‘जवळच्या चर्चमधून आलो आहोत’ म्हणतो. आतून आवाज येतो, ‘केक्को देस’. म्हणजे ठीक आहे, नको. किंवा ‘आमचं घर बौद्ध आहे.’ आवाजात राग नसतो, उलट किंचित अपराधीपणा असतो, कष्ट करून आलात आणि वाया गेलं असा. मग क्लिक. नव्या इमारतींत तर मुख्य दरवाजाच कुलूपबंद. अनेक दारांवर विक्रेत्यांनी आणि प्रचारकांनी येऊ नये अशी पाटी असते.

शिवीगाळ क्वचितच, वाद त्याहून क्वचित. वाद घालणारा माणूस मिशनऱ्याला परवडतो, कारण तो निदान बोलत तरी असतो. इथे कोणी ‘तुझा देव खोटा’ म्हणत नाही. कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक, हा विषयच निघत नाही. सरकारी आकडेवारीत शिंतो (जपानचा मूळचा धर्म) आणि बौद्ध अनुयायांची बेरीज लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण एकच माणूस दोन्हीकडे मोजलेला असतो. नववर्षाला शिंतो देवस्थान, लग्न चर्चसारख्या दिसणाऱ्या हॉलमध्ये, अंत्यविधी बौद्ध भिक्खूच्या हातून. या माणसाला ‘आमचाच मार्ग एकमेव’ असं सांगितलं तर त्याला ते खोटं वाटत नाही, थोडं आगाऊ वाटतं.

दार उघडलंच, विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजोबांनी, तर पुढचा पेच चहाचा. जपानमध्ये पाहुण्यापुढे हिरवा चहा येतो, न विचारता. आणि मॉर्मन पंथाला दारू, तंबाखू, कॉफीबरोबर चहाही वर्ज्य. हिरवा चहा चालेल का, अशी पळवाट काढणाऱ्यांना २०१९ मध्ये चर्चने स्पष्ट सांगितलं की काळा काय आणि हिरवा काय, झाड एकच, दोन्ही बंद. होजिचा भाजलेला असला तरी पानं चहाचीच, तोही बंद. गेन्माइचात तांदूळ असतात, पण चहाही असतोच. मुगिचा चालतो, कारण ते नुसतं भाजलेल्या बार्लीचं पाणी. उन्हाळ्यात घरोघरी फ्रिजमध्ये मुगिचाचा जार असतोच, त्यामुळे जुलै-ऑगस्ट निभावतात. जानेवारीत आजोबा वाफाळता कप पुढे सरकवतात, तेव्हा विसाव्या वर्षी, अर्ध्यामुर्ध्या भाषेत, यजमानाला न दुखवता ‘नको’ म्हणायला शिकावं लागतं. इथे नकार देण्याची पाळी मिशनऱ्याची.

इंग्रजीचा वर्ग

आठवड्यातून एक संध्याकाळ चर्चमध्ये इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग असतो. जपानमध्ये खासगी क्लासची फी भरमसाठ, त्यामुळे इथे लोक येतात: निवृत्त अभियंते, परदेशी सहलीची तयारी करणाऱ्या बायका, परीक्षेला बसणारी मुलं. शेवटी छोटीशी प्रार्थना किंवा धर्माबद्दल चार शब्द असतात, आणि ते ज्याला नकोत तो उठून जातो. वर्षानुवर्षं वर्गाला येणारे आणि रविवारी एकदाही न फिरकणारे लोक सगळ्या शाखांना ठाऊक असतात. माझ्या मते यात फसवणूक कुणाचीच नाही. इंग्रजी कशासाठी मिळतं हे शिकणाऱ्याला माहीत असतं, आणि तो कशासाठी येतो हे शिकवणाऱ्याला.

पूर्वजांचं काय?

जपानी माणूस ख्रिस्ती का होत नाही, याची बरीच कारणं सांगितली जातात. देशातले सगळ्या पंथांचे ख्रिस्ती मिळूनही लोकसंख्येच्या एखाद्या टक्क्याच्या आसपासच आहेत. मला वाटतं, खरी अडचण श्रद्धेची नाहीच, घरातल्या मेलेल्या माणसांची आहे. आणि ही अडचण पहिल्याच मिशनऱ्याला कळली होती.

तो गोव्याहून गेला होता. फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरला. बरोबर अंजिरो नावाचा जपानी होता, ज्याचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यातच झाला होता. दोन वर्षं तिथे काढून परतल्यावर झेवियरने पत्रात लिहिलं की नवे ख्रिस्ती एका गोष्टीने फार कष्टी होतात: ख्रिस्ताचं नाव न ऐकताच गेलेले आपले आईबाप, आजे-पणजे यांची नरकातून सुटका नाही, असं ऐकल्यावर ते रडतात. आम्ही प्रार्थना केली, दान दिलं, तरी त्यांच्यासाठी काहीच करता येणार नाही का, असं विचारतात. हा प्रश्न पुढे गेली पावणेपाचशे वर्षं प्रत्येक मिशनऱ्यापुढे उभा आहे.

त्या काळात आपल्या वसईचाही एक तरुण तिथे पोचला होता. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. वयाच्या पंधराच्या सुमाराला तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा इतकी उत्तम शिकला की पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर होऊन परतल्यावर सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीपुढे दुभाषाचं काम त्याच्याकडे आलं. मग हिदेयोशीची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यात गोन्सालो होता. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. वसईजवळच्या गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे.

१६१४ मध्ये तोकुगावा सत्तेने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली, आणि बंदी पाळली जाते की नाही हे बघायला एक युक्ती काढली. प्रत्येक कुटुंबाने कुठल्या तरी बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचं, आणि हे घर ख्रिस्ती नाही असा दाखला मंदिराने द्यायचा. तो दाखला म्हणजे त्या काळचं रेशनकार्डच, नसेल तर तुम्ही कुठलेच नाही. बंदीच्या पाट्या १८७३ मध्ये उतरल्या, आजच्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने धर्मस्वातंत्र्यही दिलं. पण घर आणि मंदिर यांची ती गाठ सुटली नाही. कुटुंबाची कबर मंदिराच्या आवारात असते. तिची वर्षाची वर्गणी असते. ऑगस्टच्या मध्यात ओबोनला पितर घरी येतात, तेव्हा कबर धुवायची, फुलं ठेवायची. घरात बुत्सुदान असतं, म्हणजे लाकडी कपाटात बुद्धमूर्ती, गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या, रोजचा भात आणि पाणी. हे सगळं रीतीप्रमाणे थोरल्या मुलाकडे येतं.

आता कल्पना करा की त्या थोरल्या मुलाला वीस वर्षांचा मिशनरी विचारतो, ‘तुम्ही बाप्तिस्मा घ्याल का?’ प्रश्न एकट्याला विचारलेला आहे. उत्तर मात्र त्याची आई, धाकटा भाऊ, मंदिराचे भिक्खू आणि कबरीतली तीन-चार पिढ्यांची माणसं मिळून द्यायची असतात. माझ्यामागे वर्गणी कोण भरणार? काकांच्या श्राद्धाच्या दिवशी मी उदबत्ती लावायची की हात बांधून उभं राहायचं? बायको म्हणते, मला कुठल्या कबरीत ठेवणार? या प्रश्नांपुढे जुन्या चर्चचा त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) फारच सोपा वाटतो.

गंमत अशी की झेवियरला जे उत्तर देता आलं नाही, त्यावर या पंथाकडे तयार उत्तर आहे. मॉर्मन लोक मेलेल्यांचाही बाप्तिस्मा करतात. जिवंत माणूस पंथाच्या मंदिरातल्या कुंडात उतरतो आणि पूर्वजाच्या नावाने बुडी घेतो. पूर्वजाने ते स्वीकारायचं की नाही, हे परलोकात त्याचं त्याने ठरवायचं. यासाठी वंशावळी लागतात, म्हणून हा पंथ जगभर जुनी दप्तरं धुंडाळत असतो. त्यावरून वादही झाले. ज्यूंच्या नरसंहारात मारल्या गेलेल्यांची नावं अशा यादीत सापडल्यावर १९९५ मध्ये चर्चला ते थांबवण्याचं कबूल करावं लागलं. पण जपानमध्ये वंशावळीचा विषय काढला की म्हातारी माणसं खरोखर बोलू लागतात. टोकियोत या पंथाचं आशियातलं पहिलं मंदिर १९८० मध्ये झालं, आणि आजोबांच्या आजोबांच्या नावाने तिथे बुडी घेणारा जपानी सभासद सांगेल की मला इथे आणलं ते याच गोष्टीने. तरीही कबरीची वर्गणी भरायची राहतेच. परलोकाची सोय झाली तरी गावातली होत नाही.

संशयाचं सावट

यात भर पडली ती दुसऱ्यांच्या करणीची. २० मार्च १९९५ रोजी ओम शिन्रिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला, तेव्हापासून घराघरांत ‘नवा पंथ’ हा शब्दच धोक्याचा झाला. मग ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्च या दुसऱ्याच एका पंथाला प्रचंड देणग्या देऊन घर धुळीला मिळवलं होतं, आणि त्याचा राग त्याने असा काढला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने देणग्या उकळण्याला लगाम घालणारा कायदा केला. मार्च २०२५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्या संघटनेच्या विसर्जनाचा आदेश दिला.

मॉर्मनांचा याच्याशी काही संबंध नाही. पण इंटरकॉमच्या पडद्यावर कोण कोणत्या पंथाचं हे दिसत नसतं. यहोवाचे साक्षीदार या आणखी एका पंथाचे लोकही जोडीनेच फिरतात. त्यात मॉर्मन पंथ सभासदाकडून उत्पन्नाचा दहावा भाग मागतो. अमेरिकेच्या खेड्यात ही जगरहाटी असेल, २०२२ नंतरच्या जपानी आईला मात्र तेवढं एक वाक्य पुरतं. अठराच्या आतल्या मुलाला आईबापांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत, तरी ‘कॉलेजात जाशील तर धर्माच्या मंडळींपासून लांब राहा’ हे बजावणं सुटत नाही.

हाती काय लागतं

आकड्यांत बघितलं तर फार थोडं. या पंथाचे पहिले मिशनरी १२ ऑगस्ट १९०१ रोजी योकोहामाला उतरले. त्यांतला आल्मा टेलर फक्त एकोणीस वर्षांचा होता. तो साडेआठ वर्षं राहिला आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’चं जपानी भाषांतर करूनच परतला. ते १९०९ मध्ये छापलं गेलं. १९२४ मध्ये मिशन गुंडाळलं तेव्हा तेवीस वर्षांच्या कष्टांतून बाप्तिस्मे झाले होते १६६. युद्धानंतर, १९४८ मध्ये पुन्हा सुरुवात झाली आणि आकडे बरेच वाढले. आता सभासदसंख्या लाखाच्या पुढे सांगतात. पण वहीतलं नाव आणि रविवारी दोन तास खुर्चीवर बसलेला माणूस यांत फार मोठं अंतर आहे, हे तिथले लोकही नाकारत नाहीत. रविवार तिथे मोकळा नसतोच. शाळेच्या मुलांचे खेळांचे सराव असतात, दुकानात पाळी असते.

परतणाऱ्या मुलांच्या हाती मात्र भाषा लागते, तीही फार चांगली. केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकट हे दोन अमेरिकन १९८० च्या दशकात जपानी टीव्हीवर घरोघरी माहीत होते. दोघेही आधी मिशनरी म्हणून आले होते. दिवसभर ‘नको’ ऐकत वीस-बावीस महिने काढलेल्या मुलाला विक्रीची नोकरी द्यायला कंपन्या एका पायावर तयार असतात, असं मस्करीत म्हणतात, पण मस्करीत तथ्य आहे.

तुमची बेल वाजली तर

टोकियोतलं निशी-कासाई, योकोहामा या भागांत मराठी कुटुंबं बरीच आहेत, तेव्हा कधी ना कधी ही जोडी तुमच्याही इंटरकॉमवर दिसेल. घरात एकटी बाई असेल तर मुलं आत येणार नाहीत, दारातच बोलतील. त्यांचा नियम तसा आहे, त्यात अपमान मानू नका. मुली असतील तर एकट्या पुरुषाच्या घरी येणार नाहीत. ‘चहा टाकते’ म्हणालात तर अवघडतील. पाणी द्या, कोकम सरबत द्या, ते आनंदाने पितात. सामान वर चढवायचं असेल, नगरपालिकेचा फॉर्म वाचायचा असेल तर खुशाल सांगा. मदत करणं हा त्यांच्या आठवड्याच्या कामाचाच भाग आहे.

ऐकायचं नसेल तर सरळ नको म्हणा, त्यांना त्याची सवय असते. फक्त आपलं नेहमीचं ‘या पुन्हा केव्हातरी’ म्हणू नका. जपानी माणूस ‘पुन्हा केव्हातरी’ म्हणाला की त्याचा अर्थ नको, एवढं ती मुलं पहिल्या महिन्यात शिकलेली असतात. पण तुम्ही पडलात भारतीय. तुमचं ते खरं धरून चालतात आणि तिथल्या तिथे विचारतात, मंगळवारी सात वाजता चालेल का?